अर्थिंगला पाणी

गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय या संस्थेच्या टेकडीवर मी गेली अकरा वर्षं सकाळी फिरायला जातो. त्यामुळे विजेच्या गाडीच्या शोरूममधल्या पोरानं "सर, एआरएआय रेंज साडेचारशे किलोमीटरच्या वर" असं सांगितलं तेव्हा मला घरच्याच माणसानं शब्द दिल्यासारखं वाटलं. रेंजची, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते याची, चाचणी गाडी रोलरवर ठेवून करतात. रोलरला खंबाटकी घाट नसतो, गाडीत एसी हवाच म्हणणारी बायको नसते आणि मागच्या सीटवर सासरे नसतात. हे माझं मला कळायला हवं होतं.

दिवाळीत आत्यांकडे भाऊबीजेला जायचं ठरलं. आत्या म्हणजे बायकोच्या, अर्थात माझ्या सासऱ्यांची, अण्णांची, थोरली बहीण. घर गुहागरजवळच्या एका वाडीत, कोथरूडपासून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रात्रभर चार्जिंग करून सकाळी बघितलं तर गाडी म्हणाली, 308. साडेचारशेतले दीडशे रात्रीत कुठे गेले, हे विचारण्यात अर्थ नव्हता. 308 वजा 275, उरले 33. निघालो.

अण्णा वीज मंडळात लाइनमन म्हणून लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. 2005 साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, पण अण्णांच्या लेखी ते अजून 'बोर्ड'च. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "जावईबापू, बॅटरी किती युनिटची?" चाळीस, म्हटलं. "म्हणजे आमच्या घराचं दहा दिवसांचं लाईट तुम्ही एका दिवसात जाळणार," एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

पहिले दोन तास मी रस्ता पाहिलाच नाही. माझे डोळे टक्क्यांवर. 100 चे 91, 91 चे 84. आपल्या माणसाला आयसीयूत ठेवलंय आणि आपण काचेबाहेरून मॉनिटर बघतोय, तसं. या गाडीचं सगळंच उलटं. पेट्रोलची गाडी गर्दीत रडते आणि मोकळ्या हायवेवर सुखावते. ही गर्दीत निवांत असते आणि हायवेवर शंभरचा वेग धरला की टक्के पाण्यासारखे वाहतात. म्हणून साताऱ्यापुढे मी आयुष्यात पहिल्यांदा उसाच्या ट्रॉलीमागे स्वखुशीनं गाडी चालवली, चाळीसच्या वेगानं. मागून हॉर्न वाजत होते. एक जण ओव्हरटेक करताना काच खाली करून काहीतरी म्हणाला. ते अण्णांना ऐकू गेलं आणि त्यांनी मान डोलावली.

वाटेत चार्जिंगला थांबायचं ठरलंच होतं. पहिल्या ठिकाणी चार्जरसमोर एक डिझेलची जीप लावलेली. तिचा मालक आत मिसळ खात होता आणि मी त्याच्या टेबलाशी हात जोडून उभा होतो. "दोन मिनिटं" म्हणून त्यानं आणखी एक पाव मागवला. जीप हलली, तर चार्जरला त्याचं स्वतःचं अ‍ॅप हवं. अ‍ॅपला ओटीपी हवा, ओटीपीला रेंज हवी, आणि वॉलेटमध्ये आधी पाचशे रुपये भरायला हवेत. सगळं भरलं. मशीन "हम्म" म्हणालं आणि बंद पडलं. हॉटेलातला पोऱ्या बाहेर येऊन म्हणाला, "लाईट गेलीय."

अण्णांच्या चेहऱ्यावर मला किंचित समाधान दिसलं. "लोड आला असणार. दिवाळी आहे."

पुढच्या हॉटेलात चार्जर होता, पण त्याच्या गळ्यात 'बंद आहे' अशी पाटी होती आणि दिवाळी म्हणून पाटीला झेंडूचा हार.

उंब्रजला वळलो, पाटण मागे पडलं आणि चढ लागला. एसी बंद, काचा खाली. बायकोनं पुठ्ठ्यानं वारा घेत विचारलं, "आपली जुनी गाडी कितीला गेली रे?" मी उत्तर दिलं नाही. कोयनानगरला 19 टक्के उरले. अण्णा ताठ बसले. "बाहेर बघा. कोयना. एकोणीसशे साठ मेगावॅट! हे पाणी बोगद्यातून डोंगरापार जातं, खाली पोफळीला डोंगराच्या पोटात वीज होते. अख्ख्या महाराष्ट्राला पुरवतात." अख्ख्या महाराष्ट्राला वीज देणाऱ्या गावातून मी 19 टक्के घेऊन चाललो होतो आणि कुणापुढे हात पसरावा ते कळत नव्हतं.

कुंभार्ली घाटानं मात्र अब्रू राखली. उतारावर पाय काढला की मोटरच जनरेटर होऊन बॅटरी भरते. 15 चे 16 झाले, मग 17, मग चक्क 18. गाडीत टाळ्या पडल्या. अण्णा म्हणाले, "असं असेल तर परत वर जाऊन पुन्हा खाली येऊ." ते गंमत करत होते. मी क्षणभर हिशेब केला, हे कबूल करतो.

चिपळूणचा चार्जर गाठला, तर तिथे पाच गाड्यांची रांग, सगळ्यांचे नंबर मुंबईचे. बायको म्हणाली, ओवाळणी आज आहे, उद्या नाही. आत्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा आकडा होता 3. गाडीनं कासवाचं चित्र दाखवायला सुरुवात केली होती.

आत्यांनी पायावर पाणी घालायच्या आत मी विचारलं, "आत्या, पंधरा अँपियरचा प्लग आहे का हो?" भवति भिक्षां देहि म्हणणाऱ्या बटूच्या आवाजात इतकीच आर्तता असेल. प्लग होता, पण एकच, विहिरीच्या पंपाचा. "पंप काढ आणि लाव तुझी गाडी. पाणी काय, रहाटानं काढू," आत्या म्हणाल्या.

वायर लावली. चार्जरवर लाल दिवा. काढून पुन्हा लावली. लाल. अण्णांनी खिशातून टेस्टर काढला (भाऊबीजेला येताना हा माणूस खिशात टेस्टर घेऊन येतो) आणि निकाल दिला, "अर्थिंग नाही. तुमची गाडी शहाणी आहे, अर्थिंगशिवाय वीज घेत नाही. पंपाला चालतं, तिला नाही." मग टॉर्च घेऊन त्यांनी माडाच्या बुंध्याशी पाचोळा उकरून अर्थिंगचा खड्डा शोधला. कोरडाठाक. "पाणी घाला. आणि ताई, मूठभर खडे मीठ दे."

पंप तर काढलेला. म्हणून मी, आयटीत वीस वर्षं काढलेला माणूस, आठ लाखांच्या कर्जावर घेतलेल्या विजेच्या गाडीसाठी रात्री विहिरीवर रहाट ओढत होतो. पोहरा वर आला की अर्धा माझ्या लेंग्यावर. सहा बादल्या झाल्या. अण्णा देवघरात अभिषेक करावा तशी संथ धार धरून खड्ड्यात पाणी सोडत होते. सहाव्या बादलीला दिवा हिरवा झाला, तशा आत्यांनी तिथेच कोपरापासून हात जोडले.

मग पाटावर बसून ओवाळणं सुरू झालं. शेजारणीनं चकलीसाठी मिक्सर लावला आणि फ्यूज उडाला. अख्खं घर अंधारात, फक्त निरांजन आणि अण्णांचं टक्कल. "थांब ताई," अण्णा पाटावरून उठत म्हणाले, "तार आहे का जरा?"

सकाळी 97 टक्के. अण्णांनी बहिणीच्या हातावर एक हजार ठेवले. पाचशे ओवाळणीचे आणि पाचशे युनिटचे, असं स्पष्ट सांगून. आत्यांनी युनिटचे परत केले आणि डिकीत बारा नारळ, तांदळाचं पोतं आणि आगळाच्या चार बाटल्या भरल्या. मी प्रत्येक नारळामागे मनात अर्धा किलोमीटर वजा करत होतो. पुढे कुंभार्ली, या वेळी चढायचा.

डिकी बंद होईना. पाहिलं तर पोत्यामागे आत्यांची पत्र्याची बादली.

"राहू द्या," अण्णा म्हणाले. "मीठही घेतलंय."