बोरिक पावडर ‘खनिज’ आहे म्हणून गव्हाला चोळू नका

वर्षाचं धान्य भरायचे दिवस आले की दरवर्षी एक मेसेज फिरायला लागतो: ‘केमिकलच्या गोळ्या फेका, निसर्गाने दिलेली खनिजं वापरा’. यंदा तो माझ्या भाचीच्या सासरी पोचला. तिला सातवा महिना आहे आणि सासूबाईंनी मोठ्या मायेनं पन्नास किलो गहू त्यातल्या कृतीनं चोळून पिंपात भरला. आता गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: दहा किलो गव्हाला 50 ग्रॅम बोरिक पावडर एरंडेलाच्या हातानं चोळा, ती खनिज असल्यामुळे निर्धोक आहे आणि धुतली की जाते. नाहीतर डायटोमेशियस अर्थ (डीई पावडर) कुठलीही आणा, मूठभर टाका, काही तासांत किडे अंड्यांसकट मरतात. तेही नसेल तर चुना, राख, रांगोळी किंवा पाऱ्याची टिकडी. धान्य दमट असलं तरी चालतं.

आधी बोरिक, कारण खरा धोका तिथेच आहे.

‘खनिज आहे म्हणून निर्धोक’ हे कुठलं तर्कशास्त्र? सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, तेही खनिजच आहे. बोरिक पावडर म्हणजे बोरिक ॲसिड. झुरळांसाठी कणीक आणि साखरेत मळून ओट्याखाली गोळ्या ठेवतो ना, तेच. चोळलेल्या गव्हाला कीड कमी लागते, हे मान्य. पण ती का लागत नाही? अंग साफ करताना किड्याच्या पोटात ही पावडर जाते आणि तिथे ती विषासारखी काम करते. तीच पावडर पोळीतून आपल्या पोटात जाते.

युरोपच्या रसायन कायद्यात बोरिक ॲसिडचं वर्गीकरण प्रजननाला घातक, वर्ग 1बी, असं आहे. प्रजननक्षमतेला आणि पोटातल्या गर्भाला अपाय करू शकतं, असा इशारा त्यावर द्यावा लागतो. तिथे ते खाद्यपदार्थात चालतं ते फक्त कॅव्हियारमध्ये, म्हणजे स्टर्जन माशाच्या अंड्यांत, आणि ती कुणी रोज दोन वेळा खात नाही. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही धान्यात बोरिक ॲसिड मिसळायला परवानगी नाही.

आता हिशेब करा. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2013 साली बोरॉनची, म्हणजे बोरिकमधल्या मूलद्रव्याची, रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 0.16 मिलिग्रॅम अशी धरली. 15 किलो वजनाच्या मुलासाठी ती होते 2.4 मिलिग्रॅम. मेसेजच्या प्रमाणानं किलोभर गव्हावर 5 ग्रॅम बोरिक बसते. त्या मुलानं दिवसभरात 60 ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाल्ल्या, तर त्या पिठामागे बोरिक झाली 300 मिलिग्रॅम. तिच्यात साधारण साडेसतरा टक्के बोरॉन, म्हणजे सुमारे 52 मिलिग्रॅम. मर्यादेच्या वीसपटीहून जास्त! चाळून-पाखडून 95 टक्के पावडर निघून गेली असं समजा, तरी 2.6 मिलिग्रॅम उरतं. तेही मर्यादेच्या वरच आहे.

‘धुतली की जाते’ यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करते. बोरिक पाण्यात विरघळते. तांदूळ तीन-चार पाण्यांतून काढले तर बरीचशी निघून जाते. पण गहू, ज्वारी, बाजरी कोण धुतं? निवडलं, चाळलं की डबा थेट गिरणीत. त्यात एरंडेलाचा हात लावला, तर पावडर दाण्याच्या खाचेत चिकटून बसते. गव्हाच्या पोटावरची ती उभी चीर नखानं उकलून बघा, पांढरी रेघ दिसेल. भाजून-शिजवूनही बोरॉन नष्ट होत नाही, कारण ते मूलद्रव्य आहे. चोखणीला मध आणि बोरॅक्स (बोरॉनचाच दुसरा क्षार) लावून दिलेल्या सात बाळांना झटके आल्याची नोंद ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी 1983 साली केली. ते चाटण काही आठवडेच चाललं होतं. आपला गहू वर्षभर पुरतो.

डीई पावडरीचं तसं नाही. ही खरोखर कामाची गोष्ट आहे, म्हणूनच तिच्याबद्दल चुकीचं सांगितलेलं जास्त खटकतं. डायटम या सूक्ष्म शेवाळाच्या सिलिकामय कवचांची ही माती. ती किड्याचं आतडं कापत नाही. किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, तो ही पावडर शोषून घेते. मग अंगातलं पाणी उडत जातं आणि किडा वाळून मरतो. त्याला तास नाही, दिवस लागतात, कधी आठवडेही. गव्हातला बारीक पोरकिडा आणि पिठातला तांबडा भुंगेरा तर बरेच चिवट असतात.

आणि अंडी? सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून बूच लावून टाकते. अळी, कोष, सगळं दाण्याच्या आत. बाहेरची पावडर तिथवर पोचत नाही. उबदार हवेत महिनाभरात नवे किडे बाहेर पडतात, तेव्हा कुठे ते पावडरीला लागतात. म्हणून कीड लागल्यावर डीई टाकून उपयोग थोडा, धान्य भरतानाच ती टाकायची.

प्रमाण क्विंटलला 100 ग्रॅमपर्यंत, म्हणजे दहा किलोला 10 ग्रॅम. मूठभर टाकू नका. दाणे एकमेकांवरून सरकेनासे होतात, म्हणून व्यापारीही असा माल घ्यायला नाखूश असतात. पिंप दोन-तृतीयांश भरा, पावडर थोडी थोडी थरांवर भुरभुरा, झाकण घट्ट लावा आणि पिंप आडवं करून वीस-पंचवीस वेळा लोळवा. तोंडाला मास्क हवा, पंखा बंद हवा.

‘कुठलीही आणा’ हे तर धोक्याचंच. जलतरण तलावाच्या फिल्टरची डीई भट्टीत भाजलेली असते. त्या उष्णतेत सिलिकाचा बराच भाग स्फटिकरूप होतो आणि स्फटिकी सिलिकाची धूळ छातीत जाणं हे कर्करोगाचं सिद्ध कारण आहे. पाकिटावर ‘फूड ग्रेड’ लिहिलेलं आणि स्फटिकी सिलिकाचं प्रमाण छापलेलं नसेल, तर घेऊ नका.

‘दमट असलं तरी चालतं’ म्हणणाऱ्यानं डीई कधी वापरलेली नाही. जी पावडर वाळवून मारते ती ओल्या धान्यात काय करणार? गहू 12 टक्के ओलाव्याच्या आत हवा. दाताखाली कट्कन फुटला पाहिजे, दबला तर अजून ऊन द्या. उन्हातून काढलेलं धान्य रात्रभर पसरून गार होऊ द्या. गरम भरलं की पिंपाला आतून घाम सुटतो आणि वरच्या थराला बुरशी येते. कोकणात पावसाळ्यात झाकण वारंवार उघडलं, तर कोरडी भरलेली डीईसुद्धा निकामी होते.

बाकीचं पटकन. चुना डोळ्यांना आणि हातांना भाजतो. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, पिठात कचकच आणि वर रंग. राख जुन्या लोकांनी कडधान्याच्या बियाण्यासाठी वापरली आणि ती चालते, पण भरपूर लागते, चिमूटभर नाही. पाऱ्याची टिकडी मात्र घरातून काढाच. पारा साध्या तापमानाला उडतो आणि बंद कोठीत त्याची वाफ धान्याभोवतीच कोंडून राहते.

गोळ्यांबद्दल मेसेज बरोबर आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या 3 ग्रॅमच्या एका गोळीतून 1 ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. राहत्या घरात ती कधीच ठेवू नये. कायद्यानंही ती सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांसाठीच आहे.

मग करायचं काय? कडधान्याचा भुंगेरा शेतातूनच येतो, त्यामुळे मूग-चवळीला भरण्याआधी कडक ऊन द्या: गडद कापडावर दोन बोटं थर, वरून पारदर्शक प्लास्टिक, कडा दाबलेल्या. आत 57 अंश तापमान तासभर टिकलं की चवळीतल्या भुंगेऱ्याच्या सगळ्या अवस्था मरतात. गहू-ज्वारीसाठी तिहेरी हवाबंद पिशवी घ्या, आतल्या दोन्ही पिशव्यांची तोंडं वेगवेगळी पिळून बांधा. आतले किडे स्वतःच प्राणवायू संपवतात. रवा-मैदा थोडा असेल तर आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा.

राहिला भाचीकडचा पन्नास किलो गहू. एरंडेल लागलेलं आहे, साध्या पाण्यानं नीट निघणार नाही आणि किती बोरिक उरली ते घरी मोजता येत नाही. तो गरोदर बाईच्या किंवा मुलांच्या ताटात येता कामा नये, गाईला किंवा पाखरांनाही घालू नये. पिंप साबणाच्या गरम पाण्यानं दोनदा धुऊन, दोन दिवस उन्हात उपडं घालून, मगच नवा गहू भरा.