‘खऱ्या हक्कासाठी कुणाला काही करावं लागत नाही’: हा दावा कुठे चुकतो

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खरा हक्क तोच, जो पाळण्यासाठी इतरांना फक्त गप्प बसावं लागतं. जीवित, मालमत्ता, बोलण्याचं स्वातंत्र्य हे असे हक्क. शिक्षण, पेन्शन, घर, रोजगार हे हक्कच नव्हेत. ते दुसऱ्याच्या खिशातून मिळणारे लाभ आहेत आणि त्यांना हक्क म्हणणं ही फसवणूक आहे.

हक्क आणि लाभ यांत फरक आहे, तो पुसूही नये. पण या मजकुराने रेघ भलत्याच जागी ओढली आहे.

“खऱ्या हक्काला खर्च नसतो.”

मालमत्तेचाच हक्क घेऊ. शेजाऱ्याने तुमच्या जमिनीत दोन फूट आत कुंपण घातलं. त्याने गप्प बसायचं होतं, तो बसला नाही. आता काय लागतं? जमीन तुमची असल्याची नोंद, म्हणजे ती नोंद वर्षानुवर्षं सांभाळणारं कार्यालय. हद्द दाखवणारी सरकारी मोजणी. दावा ऐकणारं न्यायालय, समन्स बजावणारा बेलीफ. हुकूमनामा हातात आला तरी कुंपण आपोआप हलत नाही. त्यासाठी वेगळी दरखास्त लावावी लागते आणि वेळ पडली तर पोलीस बंदोबस्तात ताबा घ्यावा लागतो. यातल्या बहुतेकांचा पगार करातून निघतो, आणि तो कर ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही तोसुद्धा भरतो.

जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचंही तेच. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 22 प्रमाणे अटक झालेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ वगळून, 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. म्हणजे सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी दंडाधिकारी उपलब्ध हवा. 1979 मध्ये हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी सर्वोच्च न्यायालयासमोर आले. त्यांच्यातल्या अनेकांनी, गुन्हा सिद्ध झाला असता तर जास्तीत जास्त जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ खटल्याविना तुरुंगात काढला होता. त्यांना कोणी रोज उठून छळत नव्हतं. खटला पुढे सरकवायचा होता, तो कोणी सरकवला नाही. सगळे गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यानेच हक्क मोडला. न्यायालयाने जलद सुनावणी अनुच्छेद 21 चाच, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच, भाग मानली आणि गरीब आरोपीला मोफत वकील देणं ही राज्याची जबाबदारी ठरवली.

तत्त्वज्ञ हेन्री शू यांनी 1980 मध्ये हे नीट मांडलं. प्रत्येक मूलभूत हक्कामागे तीन कर्तव्यं असतात: स्वतः तो न मोडणं, मोडणाऱ्यापासून वाचवणं, आणि मोडला गेलाच तर त्या माणसाला सावरणं. गप्प बसून यातलं फक्त पहिलं पार पडतं.

यावर एक चांगला आक्षेप आहे, तो टाळू नये. खर्च हक्काचा नाही, त्याच्या संरक्षणाचा आहे. लाभात मात्र जी वस्तू मिळते तिचाच खर्च असतो. हा भेद खरा आहे. पण मूळ मजकुराची तक्रार ‘दुसऱ्याचा खिसा’ ही आहे, आणि संरक्षणाचा खर्चही त्याच खिशातून जातो. किमान राज्याचा, म्हणजे फक्त रक्षणापुरत्या सरकारचा, कट्टर पुरस्कार करणाऱ्या तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनासुद्धा 1974 मध्ये ही अडचण दिसली होती: ज्यांना स्वतःच्या रक्षणाचे पैसे परवडत नाहीत त्यांचंही रक्षण राज्याने करायचं, तर हे पुनर्वाटप, म्हणजे एकाचं घेऊन दुसऱ्याला देणं, का नव्हे? उत्तर देण्यासाठी त्यांना बराच युक्तिवाद उभा करावा लागला.

“लाभ म्हणजे खैरात, देणाऱ्याची मर्जी संपली की संपला.”

इथे कायद्याचा इतिहास पाहायला हवा. 1960 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लेमिंग विरुद्ध नेस्टर खटल्यात ठरवलं की सामाजिक सुरक्षेची वर्गणी वर्षानुवर्षं भरली म्हणून पेन्शन ही मालमत्ता होत नाही, संसद ती बदलू शकते. मजकूर लिहिणाऱ्याला हा निकाल आवडेल. पण त्याच न्यायालयाने 1970 मध्ये गोल्डबर्ग विरुद्ध केली खटल्यात म्हटलं की कायद्याने मिळणारी मदत, माणूस पात्र आहे तोवर, त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय बंद करता येणार नाही. दोन्ही निकाल एकमेकांना छेदत नाहीत. कायदेमंडळ कायदा बदलू शकतं. कायदा जागेवर असताना कारकून मनाला येईल तेव्हा नाव कापू शकत नाही. खैरात आणि कायद्याने देय लाभ यांतलं सगळं अंतर या एका वाक्यात आहे. भिक्षा नाकारली तर दाद मागायला जागा नसते, देय लाभ नाकारला तर असते.

भारतात तर 1971 मध्येच, देवकीनंदन प्रसाद खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकराची पेन्शन ही बक्षिसी नसून मालमत्ता आहे असं ठरवलं.

शिवाय ‘एन्टायटलमेंट’ (हक्काने मिळणारं) हा शब्द फुकटेपणाचा शिक्का म्हणून वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: कुणाकडची मालमत्ता न्यायाने त्याची ठरते हे सांगणाऱ्या आपल्या सिद्धांताला नोझिक यांनी हाच शब्द वापरला.

“हक्क निसर्गाने दिलेले, लाभ सरकारने.”

निसर्गदत्त मालमत्तेचा आधार म्हणून ज्यांचं नाव घेतात ते सतराव्या शतकातले इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक स्वतः लिहून गेले आहेत की जगण्याचं दुसरं साधन नसलेल्या माणसाचा, इतरांकडे गरजेपेक्षा जास्त असलेल्यावर, तग धरण्यापुरता हक्क असतो. आणि निसर्गाची यादी कायम असेल तर भारतात काय झालं? 44व्या घटनादुरुस्तीने मालमत्ता मूलभूत हक्कांतून निघाली आणि अनुच्छेद 300क मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून राहिली. 2002 च्या 86व्या दुरुस्तीने 6 ते 14 वर्षांच्या मुलांचं शिक्षण अनुच्छेद 21क म्हणून मूलभूत हक्कांत आलं. ‘नैसर्गिक’ खाली उतरला, ‘सरकारी’ वर चढला.

“सगळ्यालाच हक्क म्हटलं की हक्क स्वस्त होतो.”

हा मुद्दा बरोबर आहे, आणि मजकुरातला सर्वांत महत्त्वाचाही. फक्त उपाय चुकला आहे. हक्क पोकळ होतो तो खर्चामुळे नव्हे. कुणी द्यायचं, किती, किती दिवसांत आणि न दिल्यास काय, ही चार उत्तरं नसली की तो पोकळ होतो.

2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याची कलमं या नजरेने वाचावीत. कुटुंबाला वर्षाला 100 दिवस काम. अर्ज केल्यापासून 15 दिवसांत ते मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता: पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, पुढे किमान निम्मा, आणि तो भार राज्य सरकारवर. चारही उत्तरं कागदावर होती. तरी नस एका चिठोऱ्यात होती. अर्जाची तारीख घातलेली पोच मिळाली नाही की 15 दिवस कधीपासून मोजायचे हेच सिद्ध होत नसे, आणि भत्ता तिथेच अडत असे.

याउलट दक्षिण आफ्रिकेच्या संविधानात पुरेशा घराचा हक्क थेट लिहिलेला आहे. 2000 मध्ये ग्रूटबूम खटल्यात तिथल्या घटनात्मक न्यायालयाने मान्य केलं की अगदी निराधार लोकांसाठी कुठलीच योजना नसणं हा संविधानाचा भंग आहे. मात्र मागेल त्याला लगेच घर, असा हक्क न्यायालयाने मानला नाही. मुख्य आदेश घोषणेच्या स्वरूपाचा होता, म्हणजे भंग झाला आहे आणि राज्याचं कर्तव्य काय, एवढं जाहीर करणारा. त्यात मुदत नव्हती आणि न्यायालयाने पाठपुरावा स्वतःकडे ठेवला नाही. ज्यांच्या नावाने हा खटला जगभर शिकवला जातो त्या आयरीन ग्रूटबूम 2008 मध्ये वारल्या, तेव्हाही त्या झोपडीतच राहत होत्या.