आम्ही, आपण आणि बिनचुंबकाची मोटर

कॉलेजच्या ग्रुपवर चार दिवस एकच वाद पेटलाय. चीनने एप्रिल २०२५ मध्ये डिस्प्रोसियम, टर्बियम वगैरे दुर्मिळ धातू आणि ते वापरून केलेली मोटरीची चुंबकं यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि भारतातल्या इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यावर एका वर्गमित्राचा तोडगा : "चुंबक नाही ना? मग स्विच्ड रिलक्टन्स मोटर करा. रोटर म्हणजे नुसती पत्र्यांची चवड. सहा महिन्यांचं काम." खाली अंगठ्यांची रांग.

सहा महिने!

रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, सोपा आहे, मान्य. ना चुंबक, ना गुंडाळी. रॉबर्ट डेव्हिडसनने १८४२ मध्ये स्कॉटलंडमध्ये साधारण याच तत्त्वावर रुळांवर गाडी चालवली होती. मग एवढी वर्षं जग काय झोपलं होतं? दुखणं रोटरमध्ये नाहीच. फेजला, म्हणजे गुंडाळ्यांच्या एका गटाला, करंट दिला की समोरासमोरचे पोल रोटरला ओढतात आणि ओढता ओढता स्टेटरच, म्हणजे बाहेरचा स्थिर भाग, किंचित लंबगोल होतो. मोटर किंचाळते, टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, हिसके देतो. ते आवरायचं तर रोटरच्या प्रत्येक कोनाला, प्रत्येक करंटला लोखंड चुंबकत्वाने किती भरतं (सॅच्युरेट होतं) याचा नकाशा हवा, आणि तो बेंचवर बसून मोजावा लागतो. मागच्या हिवाळ्यात इथे जर्मनीत मी तेच केलं. मॉडेलमध्ये गुणी बाळासारखी वागणारी मोटर एका ठरावीक वेगाला अशी ओरडायची की शेजारचा सहकारी येऊन, काही न बोलता, दार लावून जायचा. शुक्रवारी तीननंतर प्रूफश्टांडवर, म्हणजे चाचणीच्या बेंचवर, एकट्याने थांबायला मनाई. ती किंचाळी सोमवारपर्यंत डोक्यात घेऊन घरी यायचो.

तेव्हा मी ग्रुपवर जरा तोऱ्यातच लिहिलं. फील्ड ओरिएंटेड कंट्रोल, म्हणजे मोटरीचा करंट गणिताने नेमका आवरायची पद्धत, हासेने डार्मश्टाटला १९६९ मध्ये मांडलं, मग सीमेन्सच्या ब्लाश्केने. पहिला मायक्रोप्रोसेसर १९७१ चा! गणित तयार होतं, ते पेलणारी चिप नव्हती, तरी कुणी काम सोडलं नाही. "आम्ही इथे अशी वाट बघतो," असं शेवटचं वाक्य.

"आम्ही म्हणजे कोण रे? हासे तुझा काका का?" मित्राने विचारलं. दुसऱ्याने आठवण करून दिली की बंगळूरच्या आयआयएससीत गोपाकुमार सरांनी मोटर चालवणाऱ्या सर्किटवर, मल्टिलेव्हल इन्व्हर्टरवर, वर्षानुवर्षं काम केलंय. मला ते ठाऊक होतं. सोयीचं नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

आणखी एक लिहिलं नाही. पार्क ट्रान्स्फॉर्मेशन, म्हणजे त्या कंट्रोलचं मूळ गणित, मी डार्मश्टाटला शिकलो नाही. भारतात आमच्या कॉलेजातल्याच एका सरांनी ते फळ्यावर दोन तास, खडू संपेपर्यंत शिकवलं. लॅबमधली मोटर मात्र चार वर्षांत एकदाही फिरली नाही. किल्ली कुणाकडे आहे हेच ठरत नव्हतं. मी गणित घेऊन फिरत्या मोटरीकडे निघून आलो. किल्लीसाठी भांडलो नाही.

जर्मनमध्ये 'वीर' (wir) म्हटलं की भागतं, आम्ही की आपण हा प्रश्नच येत नाही. ऑफिसात त्याची फार सोय होते. मराठीत टाइप करताना अडलो. 'आपण' लिहिलं, खोडलं. 'तुम्ही' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी कर्ताच गाळून पाठवलं : "आधी नकाशा मोजायला हवा."

लगेच उत्तर आलं : "कुणी?"