जोकरला नेलपॉलिश रिमूव्हर लावण्याआधी

रविवारी सकाळी वर्तकनगरहून मावशीचा फोन. "अगं, तू ते जुन्या खेळण्यांचं करतेस ना? आपल्या जोकरचे चार कोटी येतात म्हणे. दादाने घासून लख्ख केलाय. ओठ तेवढे जरा पुसले गेलेत." चहा तसाच टाकून रिक्षा पकडली.

हा जोकर म्हणजे बॅटमॅनचा खलनायक, केनर या अमेरिकन खेळणी कंपनीच्या 'सुपर पॉवर्स' नावाच्या बाहुल्यांच्या (ॲक्शन फिगर) मालिकेतला. जेमतेम साडेचार इंच उंची. काका मस्कतला होते तेव्हा दादासाठी घेऊन आलेले. आणि त्याच्या मुळावर आलेला फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या, शाळेच्या आणि नातेवाइकांच्या तिन्ही ग्रुपवर येऊन गेलाय: 'माळ्यावरचा व्हिलन शोधा, करोडपती व्हा'. त्यात म्हटलंय की एक व्हिलन चार कोटींना गेला, मागे छापलेल्या वर्षावरून अस्सल ओळखा, पाण्यात बुडला तर ओरिजिनल, हातातली शस्त्रं नसली तरी चालतात, आणि विकण्याआधी नेलपॉलिश रिमूव्हर, टूथपेस्ट व कडक ऊन वापरून नव्यासारखा करा. खाली फोटो पाठवायला एक नंबर आणि ४९९ रुपये 'मूल्यांकन फी'.

आधी ते चार कोटी. आकडा हवेतला नाही, हे नाइलाजाने मान्य. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात केनरचंच बोबा फेट या पात्राचं खेळणं ५,२५,००० डॉलरना गेलं, म्हणजे चार कोटींच्या वर. पण तो 'स्टार वॉर्स' सिनेमातला, आणि तो दुकानात कधी आलाच नव्हता! पाठीतून रॉकेट उडवणारा तो नमुना १९७९ चा. मुलांच्या घशात रॉकेट अडकेल या भीतीने कंपनीने ते फिगर त्या रूपात विकलंच नाही. तयार करताना बनवलेले मोजके नमुने तेवढे उरले. आपला जोकर दुकानात टांगून विकलेला, हजारो पोरांनी दामटलेला. दोघांची कंपनी एक, एवढंच काय ते नातं.

दुर्मीळ कशाला म्हणतात ते सांगते. केनरने या मालिकेत रिडलर, म्हणजे बॅटमॅनचा आणखी एक खलनायक, काढलाच नाही. अर्जेंटिनात पासिपा नावाच्या कंपनीने ग्रीन लँटर्न या सुपरहिरोच्याच साच्यावर वेगळे रंग देऊन रिडलर विकला. असा तुकडा कुणाच्या माळ्यावर सापडला तर मला जरूर फोन करा, मी चप्पल न घालता येईन.

वर्षाचा मुद्दा. पाठीवर किंवा पायावर जे साल असतं ते कॉपीराइटचं. फिगर त्याच वर्षी बनलं असं त्यातून ठरत नाही, आणि साचा उचलून नकला काढणारे सालही उचलतात. पॅकबंद असेल तर कार्ड, म्हणजे फिगर ज्यावर चिकटवून विकतात तो पुठ्ठा, उलटं करून मागची फिगरची चित्रं मोजा. १९८४ मध्ये १२ फिगर आल्या, १९८५ मध्ये ११, १९८६ मध्ये १०. त्यामुळे मागे १२ चित्रं आहेत, २३ आहेत की ३३, यावरून कार्ड कुठल्या खेपेचं ते कळतं. यात पाठीवरचं साल उपयोगी नाही.

पाण्यात बुडवायची परीक्षा कुणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे. अशी खेळणी ज्यांची बनतात ती एबीएस आणि पीव्हीसी ही दोन्ही प्लास्टिकं पाण्यापेक्षा जड. नक्कलही त्याचीच असेल तर तीही बुडणार. पोकळ अंगात हवा अडकली तर अस्सलसुद्धा तरंगेल. असो.

आता ते रिमूव्हर. बऱ्याच रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं. ते रंग तर काढतंच, एबीएससारखं कडक प्लास्टिकही विरघळवतं. दादाने कापसाचे बोळे पुरावा म्हणून ठेवले होते, सगळे जांभळे. तो जांभळा म्हणजे मळ नव्हे, कोट! लाल ओठ गालभर पसरून गुलाबी झालेले, पांढऱ्या चेहऱ्यावर टूथपेस्टचे बारीक ओरखडे. आणि पाठीवर, जिथे प्लास्टिक मऊ पडलं तिथे, दादाच्या अंगठ्याचा ठसा. रेषान्‌रेषा मोजता येतील असा. चाळीस वर्षं ट्रंकेत नीट राहिलेल्या फिगरवर हे दहा मिनिटांत झालं. "अगं, पण चकाकतोय ना?" दादा म्हणाला. मी काही बोलले नाही, मावशी समोर होती.

फिगर लूज, म्हणजे पाकिटाबाहेर काढलेलं, असेल तर संग्राहक भिंग घेऊन आधी मूळ रंगच बघतो. नाकावर, बोटांवर रंग घासला गेलाय का, सांधे ढिले झालेत का, नंतर कुणी रंग भरलाय का. पॅकबंद मालाला ॲक्शन फिगर ऑथॉरिटी ही खेळण्यांची प्रत ठरवणारी कंपनी कार्ड, बबल (वरचं पारदर्शक प्लास्टिक) आणि फिगर असे वेगळे गुण देते. 'नव्यासारखं केलेलं' कुठल्याच रकान्यात भर घालत नाही. मऊ ब्रशने धूळ झटका, फार तर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं फिरवा, बास.

उन्हाबद्दल अर्धं खरं आहे. पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरं होतं, पण पिवळेपणा परत येऊ शकतो. नुसत्या उन्हाने तर प्लास्टिक आणखी पिवळं पडतं, रंग विटतात.

४९९ रुपये देऊ नका. आणि 'खरेदीदार' पैसे पाठवतो म्हणून यूपीआय पिन टाकायला लावत असेल तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

राहिली शस्त्रं. या जोकरचे पाय दाबले की हात झपकन फिरतो, तो हातातला हातोडा मारण्यासाठी. तो हातोडाच नसेल तर निम्मा जोकर गेला. सुटा मूळ हातोडा मिळवायला लोक वेगळे पैसे मोजतात, म्हणून तर त्याच्या नकला निघतात. दादाचा अजून सापडलेला नाही. मावशीला शिवणाचा डबा, बटणांची बरणी आणि जुन्या कॅरमची पिशवी बघायला सांगून आलेय. सापडला तर दादाच्या हातात देऊ नकोस, हेही सांगितलंय.