‘यूट्यूब बघून शिकलेल्यांनी…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘अनामित’ साहेब,

ओव्हरक्लॉकिंगच्या (म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याच्या) माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. उत्तर देणार नव्हतो, पण सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली आणि राहवलं नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. रायझन 5 1600 या प्रोसेसरसाठी मी 1.35 व्होल्ट सांगितले ते नवख्यांना घातक, दहा मिनिटांची स्ट्रेस टेस्ट (पूर्ण भार टाकून प्रोसेसर टिकतो का ते बघणं) अपुरी, लोड-लाइन कॅलिब्रेशनचा (भाराखाली घसरणारं व्होल्टेज सावरणाऱ्या सेटिंगचा) उल्लेखच नाही, आणि हल्लीचे प्रोसेसर आपले आपण बूस्ट घेतात, म्हणजे वेग वाढवतात, तर हा खटाटोप कशाला, असं साहेबांचं म्हणणं. वर शेवटी हे वाक्य: ‘यूट्यूब बघून शिकलेल्यांनी लोकांच्या मशीनशी खेळू नये.’

आधी या वाक्याचंच बघू.

यूट्यूब आलं 2005 साली. मी पहिला प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला 1999 मध्ये, सेलेरॉन 300ए. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा (बोर्डाकडून मिळणारा) वेग गुणिले मल्टिप्लायर. मल्टिप्लायर साडेचारला लॉक, पण 66 मेगाहर्ट्झची बस 100 वर नेली की 300 चा 450 मेगाहर्ट्झ व्हायचा. आमच्या बोर्डात बस बदलायची सोय नव्हती. म्हणून प्रोसेसरच्या कार्डावरची बी21 ही एकच पिन झाकायची होती, ताईच्या नेलपॉलिशने, काडेपेटीच्या काडीच्या टोकाने. दोनदा शेजारच्या पिनेवर ओघळलं, दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा स्क्रीनवर 450 उमटलं तेव्हा हात थरथरत होते, कारण त्या कॉम्प्युटरसाठी बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. तेव्हा दुसऱ्याच्या मशीनची काळजी कशी घ्यायची, हे मला तुम्ही शिकवू नका.

आणि मी अकोल्यात राहतो. हा 1600 मी डिसेंबरात 3.8 गिगाहर्ट्झला बसवला होता, लोडवर 72 अंश. मे महिन्यात दुपारी खोलीच 43 ला गेली तेव्हा तोच आकडा 89 झाला. त्या दिवशी निमूटपणे 3.7 वर आलो, व्होल्टेजही उतरवलं. हे कुठल्या व्हिडिओत सांगितलं नव्हतं, एसीत बसून व्हिडिओ करणाऱ्याला ते कळायचंही नाही.

आता 1.35 बद्दल. लेख नीट वाचला असता तर दिसलं असतं की ती मर्यादा आहे, सुरुवात नव्हे. आधी व्होल्टेजला हात न लावता मल्टिप्लायर एकेकाने वाढवा, टेस्ट अडखळली तरच व्होल्टेज चिमूटभर द्या, असंच लिहिलंय. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 1.20 चे 1.35 केले तर वेग तोच ठेवूनही ती सव्वापटीच्या वर जाते. हे गणित लेखात नव्हतं म्हणून मला ते येत नाही, असं धरून चालणं हा कुठला न्याय?

दहा मिनिटांचं मात्र मान्य. ती प्रत्येक पायरीपुरती होती, शेवटच्या सेटिंगवर काही तास टेस्ट चालवायलाच हवी. ते वाक्य राहिलं, आज घातलं. एवढ्यापुरते आभार.

लोड-लाइन कॅलिब्रेशन पुढच्या भागात येणारच होतं. (हो, येणारच होतं.) आपोआप बूस्टचं म्हणाल तर ज्यांना तेवढं पुरतं त्यांनी खुशाल तेवढंच वापरावं, मी कुणाच्या घरी जाऊन बायोस (ही सेटिंग्ज जिथे बदलतात ते) उघडत नाही. वॉरंटीवरही तुम्ही चार ओळी लिहिल्यात, त्या पुढे कधीतरी.

मुद्दा चुकला तर जरूर सांगा, तुमच्याआधी कितीतरी जणांनी सांगितलाय आणि मी दुरुस्त केलाय. पण पुढच्या वेळी लिहाल तेव्हा कूलर कोणता, खोलीचं तापमान किती, एवढं तरी लिहा. आणि जमलं तर नाव.