आठवड्याला ४ वेळा सौना आणि ६३ टक्क्यांचा हिशेब

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: आठवड्यातून ४ वेळा सौना घेतला (म्हणजे शेगडीने तापवलेल्या लाकडी खोलीत घाम काढत बसलं) की हार्ट अटॅकचा धोका ६३ टक्क्यांनी घटतो, अर्ध्या तासात ६०० कॅलरी जळतात म्हणून जिमची गरज नाही, घामावाटे विषं निघून जातात आणि जितका जास्त वेळ बसाल तितका फायदा. पहिल्या मुद्द्याला निदान आधार आहे. बाकीचे त्याच्या पुण्याईवर खपतात.

"हार्ट अटॅक ६३ टक्के कमी"

आकडा खरा, पण तो हार्ट अटॅकचा नव्हे. फिनलंडमधल्या कुओपिओ भागातल्या ४२ ते ६० वर्षांच्या २,३१५ पुरुषांची १९८०च्या दशकात नोंद झाली, पुढे सुमारे २० वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. ६३ टक्के घट दिसली ती हृदय अचानक बंद पडून झालेल्या मृत्यूंमध्ये. अटॅक येऊन वाचलेला माणूस या आकड्यात धरलेलाच नाही.

शिवाय तुलना कोणाशी? सौना न घेणाऱ्यांशी नाही. साधारण ५५ लाख लोकसंख्येच्या त्या देशात सौनाच ३० लाखांच्या घरात आहेत; न घेणारे आणायचे कुठून? तुलना आहे आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांशी. असे ६०१ जण होते आणि त्यांतले ६१ अचानक दगावले. ४ ते ७ वेळा घेणारे अवघे २०१, त्यांतले १०. म्हणजे १०.१ टक्क्यांवरून ५ टक्के. वय, धूम्रपान, रक्तदाब वगैरेंचा हिशेब धरला की ६३ निघतात. फॉरवर्डचा सगळा डोलारा त्या १० मृत्यूंवर उभा आहे.

त्यात आणखी एक मेख आहे. जिना चढताना ज्याला धाप लागते, तो आठवड्याला ५ वेळा ८० अंशांत जाऊन बसत नाही. सौनामुळे माणूस धडधाकट राहिला की धडधाकट होता म्हणून सौनात गेला, हे नुसत्या निरीक्षणातून सुटत नाही. स्थिर हृदयविकाराच्या रुग्णांना ८ आठवडे, आठवड्याला ४ वेळा सौना देऊन पाहिला, तेव्हा रक्तदाबात आणि रक्तवाहिन्यांच्या कामात फरक पडला नाही.

"६०० कॅलरी, जिमला सुट्टी"

एका बैठकीत साधारण अर्धा लिटर घाम जातो. तो पूर्ण वाळायला २९० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता लागते. पण ती सौनातली शेगडी पुरवते, पोटावरची चरबी नव्हे. काट्यावर घटलेला अर्धा किलो दोन तांबे पाण्यात परत येतो. नाडी १०० ते १५० पर्यंत जाते, कारण हृदय कातडीकडे रक्त ढकलत असतं. स्नायू मात्र बाकावर आरामात असतात. व्यायाम *झाल्यावर* १५ मिनिटे सौना घेणाऱ्यांचा रक्तदाब नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त उतरला, असं एका छोट्या चाचणीत दिसलं आहे. म्हणजे जोडीला घ्या, बदली म्हणून नको.

"घामातून विषं"

घाम म्हणजे पाणी, मीठ, थोडा युरिया. जड धातू सापडतात, पण नगण्य. हे काम यकृत आणि मूत्रपिंडांचं. पाणी न पिता घाम काढत बसलात तर मूत्रपिंडांवरच ताण येतो.

"जास्त वेळ, जास्त फायदा"

इथे मात्र जिवाशी गाठ आहे. २०१० मध्ये फिनलंडच्या हेइनोला गावात जागतिक सौना स्पर्धेची अंतिम फेरी ११० अंशांत झाली, शेगडीवरच्या तापलेल्या दगडांवर दर ३० सेकंदांनी अर्धा लिटर पाणी पडत होतं. रशियाचा स्पर्धक मरण पावला आणि ती स्पर्धा कायमची बंद झाली.

नवख्याने खालच्या बाकावर ५ ते ८ मिनिटे बसावं. वर आणि खाली यांत कित्येक अंशांचा फरक असतो. सवय झाली की वर १० ते १५. उठण्याआधी दोन मिनिटे पाय खाली सोडून सरळ बसा, कारण आडवं असताना झटकन उठलात तर कातडीत पसरलेलं रक्त डोक्याकडे पोचत नाही आणि भोवळ येते. मग बाहेर १० मिनिटे आणि दोन ग्लास पाणी. क्लबहाऊसमधली स्टीम रूम ४०–५० अंशांचीच असली तरी दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे सौनाची मिनिटं तिथे लावू नका. शेगडीऐवजी इन्फ्रारेड किरणांनी अंग तापवणारी पेटीही ४५–६० अंशांची. कुओपिओचे आकडे तिला चिकटवता येत नाहीत.

दारू पिऊन अजिबात जाऊ नये. फिनलंडमधल्या सौनातल्या मृत्यूंत दारूचा हात मोठा आहे. नुकताच अटॅक येऊन गेला असेल, विश्रांतीतही छातीत दुखत असेल किंवा महाधमनीची झडप फार अरुंद असेल तर सौना बंद. बीपीच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. अंगावर औषधाची पट्टी असेल तर तीही सांगा, उष्णतेने त्यातलं औषध भराभर शोषलं जातं. मूल हवं असलेल्या पुरुषांनीही जपावं. आठवड्याला दोनदा, ३ महिने सौना घेतलेल्यांची शुक्राणूसंख्या खाली आली होती. बंद केल्यावर ६ महिन्यांत ती पूर्ववत झाली.