तुमचा जुना पासवर्ड आम्ही का सांगू शकलो नाही

नमस्कार काका,

आमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरला तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर मी दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय, ‘पासवर्ड यांच्याच सर्व्हरवर आहे, तरी सांगत नाहीत. हॅश डिक्रिप्ट होत नाही म्हणे. माझ्या पुतण्याने एका वेबसाइटवर दोन मिनिटांत हॅश उलगडून दाखवला. एकतर यांना काम येत नाही, नाहीतर खोटं बोलतात.’ उत्तर ऑफिसातल्या मुलांवर न सोडता मी स्वतः लिहितेय, कारण तुमची अर्धी तक्रार खरी आहे.

आधी तीच. ११ जानेवारी, जीएसटीआर-१ म्हणजे जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस. गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली, दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि नवा पासवर्ड करायचा ओटीपी तुमच्या बंद पडलेल्या नंबरवर जात होता. आमच्या मुलाने ‘जुना मिळत नाही, नवीन टाका’ म्हणून फोन ठेवला आणि नंबर बदलून द्यायला संध्याकाळ केली. ही चूक आमची. मी मनापासून माफी मागते.

पण पासवर्ड लपवला, हे खरं नाही. तो आमच्याकडे नाहीच. आमच्याकडे असतो फक्त त्याचा हॅश, म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा.

तुमच्याच धंद्यातलं सांगते. तुमची नवी जकार्ड चादर बाजारात आली की दुसरा कारखानदार ती नेतो, उभे-आडवे धागे मोजतो, डिझाइन ग्राफवर उतरवतो आणि पंचकार्डं पाडून तीच चादर काढतो. त्याला हे जमतं, कारण डिझाइनमधलं काहीच कापडात हरवलेलं नसतं. एन्क्रिप्शन असंच असतं. मजकूर ओळखू येत नाही, पण सगळा तिथेच असतो आणि किल्ली असली की जसाच्या तसा परत मिळतो. त्यालाच डिक्रिप्ट करणं म्हणतात.

हॅशचं तसं नाही. दिवसाच्या गल्ल्याची बेरीज १८,४५० लिहिली आणि बिलं फाडून टाकली, तर कुणी किती टॉवेल नेले हे कुठलाही दिवाणजी त्या आकड्यावरून सांगू शकत नाही. एसएचए-२५६ नावाच्या हॅशला एक शब्द द्या नाहीतर वर्षाची खतावणी द्या, उत्तर २५६ बिटांचंच (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक), म्हणजे ६४ अक्षरांचं येतं. शिवाय बेरजेपेक्षा हे फार कडक आहे. १८,४५० जुळवायला आपण मनाने बिलं रचू शकतो. इथे तेही जमत नाही. आतली उलथापालथ अशी मुद्दाम केलेली असते की एक अक्षर बदललं तरी उत्तरातले साधारण निम्मे बिट बदलतात, त्यामुळे ‘जवळ आलो’ असं कधी कळतच नाही. उलट जायची किल्ली कुणाकडेच नसते, आमच्याकडेही नाही. अंदाज बांधायचा, त्याचा हॅश काढायचा आणि जुळतो का बघायचं, एवढाच मार्ग. लॉगिनच्या वेळी सर्व्हर हेच करतो. तुम्ही टाइप केलेल्याचा हॅश काढून साठवलेल्याशी ताडून बघतो. त्यासाठी मूळ पासवर्ड ठेवावा लागत नाही.

पुतण्याने दाखवलं ते डिक्रिप्शन नव्हतं. त्याने बहुधा ‘१२३४५६’ सारख्या शब्दाचा एमडी-५ हॅश टाकला असेल. एमडी-५ ही रोनाल्ड रिव्हेस्ट यांची १९९१ ची रचना, अतिशय वेगवान. अशा वेबसाइट नेहमीच्या पासवर्डांचे हॅश आधीच काढून यादी करून ठेवतात आणि तिच्यात शोधून देतात. त्याला स्वतःच्या मनाचा, लांब आणि आडवातिडवा मजकूर घेऊन बघायला सांगा. यादीत सापडणार नाही.

अशा याद्या निकामी करायला सॉल्ट असतं. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये युनिक्स या संगणक-प्रणालीसाठी ते मांडलं होतं. प्रत्येक खात्याला एक वेगळा यादृच्छिक तुकडा जोडून मगच हॅश काढायचा. तुमच्या दोन नोकरांचा पासवर्ड एकच असला तरी आमच्याकडच्या नोंदी वेगळ्या दिसतात. आम्ही बीक्रिप्ट नावाचं हॅशिंग वापरतो. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर्स यांनी ते १९९९ मध्ये मांडलं आणि मुद्दाम संथ ठेवलं. आमच्या सेटिंगमध्ये प्रत्येक अंदाजाला ४,०९६ फेऱ्या होतात, आमच्या सर्व्हरवर साधारण पाव सेकंद लागतो. त्या हिशेबाने चार आकडी पासवर्डाचे १०,००० अंदाज पाऊण तासाच्या आत संपतात. इंग्रजी आठ लहान अक्षरांचे अंदाज २०,८८२ कोटी होतात, त्यांना साडेसोळाशे वर्षं लागतील. चोराकडे आमच्यापेक्षा कितीतरी दणकट यंत्रं असतात, म्हणून दुकानाचं नाव आणि साल असा पासवर्ड कृपा करून ठेवू नका.

तुम्ही विचाराल, मग किल्ली असलेलंच का नाही वापरलं, अडचणीला जुना पासवर्ड तरी मिळाला असता? २०१३ मध्ये अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीतून ग्राहकांची माहिती चोरीला गेली. तिथे पासवर्ड हॅश केलेले नव्हते, एकाच किल्लीने एन्क्रिप्ट केलेले होते. सारखे पासवर्ड सारखेच दिसत होते आणि शेजारी ग्राहकांनी लिहिलेल्या आठवणीच्या खुणा उघड्या होत्या. किल्ली न मिळताही लोकांनी ढिगाने पासवर्ड ओळखले. फोनवर तुमचा जुना पासवर्ड वाचून दाखवणारा सॉफ्टवेअरवाला मला सोयीचा वाटत नाही, त्याची भीती वाटते. जो पासवर्ड त्याच्या पोराला वाचता येतो, तो चोरालाही येतो. आणि आपल्याकडे बिलिंगचा आणि बँकेचा पासवर्ड एकच ठेवणारे व्यापारी मी रोज बघते.

त्या दिवसानंतर आम्ही एवढं केलंय. खात्याला आता दुसरा मोबाइल नंबर जोडता येतो. महिन्याच्या १० आणि ११ तारखेला पासवर्डचे फोन मी स्वतः घेते. नवा पासवर्ड करून द्यायचे पैसे आम्ही कधी घेतले नाहीत, घेणारही नाही.

पुतण्याला घेऊन एकदा ऑफिसला या, काका. एका चाचणी खात्यात त्याने हवा तो पासवर्ड टाकावा. आमच्याकडे त्याची बीक्रिप्टची साठ अक्षरांची जी नोंद होते ती मी त्याला छापून देईन. ती घरी नेऊन त्याने पाहिजे तेवढे दिवस प्रयत्न करावेत, आणि काही अडलं तर मला विचारावं.